रुमालाखालचे दर : दवाखान्यांची बिलं उघड स्पर्धेनं उतरतील का?

कृष्णाकाठ (सांगली)

आईचा उजवा गुडघा बदलायचा आहे. वय ७१. जिना दोन वर्षांपासून बंद, देवळात खुर्चीवर बसून आरती. डॉक्टर म्हणाले, "घाई नाही, पण पुढच्या पावसाळ्याआधी उरका." म्हणजे आमच्या हातात वेळ होता. ठरवलं, सहा ठिकाणी चौकशी करायची आणि मगच जायचं. सांगलीत दोन, मिरजेत दोन, कोल्हापुरात एक, पुण्यात एक.

सहाही ठिकाणी फोन उचलणाऱ्यानं आधी एकच विचारलं: "मेडिक्लेम आहे का?" मी म्हणालो, आधी दर सांगा. "पेशंटला घेऊन या, सर बघतील, मग अंदाज देऊ." खूप रेटल्यावर चार ठिकाणांहून आकडे मिळाले. सर्वांत कमी १ लाख ६५ हजार, सर्वांत जास्त ३ लाख ४० हजार. सगळे "अंदाजे". लेखी कोणीच दिलं नाही. यात फिजिओ धरला आहे का, औषधं धरली आहेत का, खोली किती दिवसांची, असं विचारलं तर एकाच दवाखान्यातून सकाळी एक उत्तर आणि संध्याकाळी दुसरं.

आणि बसवायचा सांधा म्हणावा, तर त्याची किंमत सरकारनं बांधलेली आहे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं ऑगस्ट २०१७ मध्ये नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपयांची कमाल मर्यादा घातली, जीएसटी वेगळा. तेव्हा हा पावणेदोन लाखांचा फरक सांध्यात नाही. मग तो कशात आहे, हे मला कोणीही सांगू शकलं नाही.

माझा धंदा हळदीचा. वडील सांगायचे, पूर्वी बाजारात दोन व्यापारी रुमालाखाली हात धरायचे, बोटं दाबून भाव ठरायचा, आणि माल ज्याचा तो शेतकरी शेजारी उभा असून त्याला आकडा कळायचा नाही. बाजार समितीच्या कायद्यानं उघड सौदे आणले. आज ढिगाजवळ बोली मोठ्यानं होते, सगळे ऐकतात. त्यानं भाव नेहमीच चांगला मिळतो असं मी म्हणणार नाही, पण कोणाला किती मिळाला हे तरी गावाला कळतं. दवाखान्यात मला तो रुमाल दिसला. फरक इतकाच, की इथे शेतकऱ्याच्या जागी पेशंट उभा आहे.

दुसरी गोष्ट कटाची, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला मिळणाऱ्या वाट्याची. आमच्याकडे अडत, म्हणजे दलाली असते, ती टक्क्यांत ठरलेली असते आणि हिशेबाच्या पट्टीवर छापलेली असते. पाठवणाऱ्या डॉक्टरचा कट कोणत्याच बिलावर लिहिलेला नसतो, पण तो पेशंटच्याच पैशातून जातो.

माझं म्हणणं असं: सरकारनं प्रत्येक ऑपरेशनचा दर ठरवत बसण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. दर उघडा करायला लावावा आणि कट बंद करावा. बाकीचं काम स्पर्धा करेल. मिरजेसारख्या गावात तर नक्की करेल. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी तिथे दवाखाना काढला, आणि आज कर्नाटकातून गाड्या भरून पेशंट येतात. एका रस्त्यावर दहा पाट्या आहेत. एवढे विक्रेते समोरासमोर असून एकाचाही दर दिसत नाही, हे मला पटत नाही. तुमचे अनुभव लिहा, विरोधातले असले तरी.

माणदेशी पाखरू

पूर्ण सहमत. भावाच्या अपेंडिक्सला १८ हजार सांगितले होते, बिल झालं ४१ हजार. विचारलं तर म्हणाले, "औषधं वेगळी असतात ना." वाचतोय.

दृष्टी_तालुका (नेत्रतज्ज्ञ)

कृष्णाकाठ, मी तुमच्या बाजूची डॉक्टर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या दवाखान्याच्या दारात २०२१ पासून मोतीबिंदूचे दर लावलेले आहेत. त्या वर्षी जानेवारीत महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नोंदणी नियमांत बदल झाला आणि दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. कायदा आहे, हे आधी लक्षात घ्या. दारात मागायचा तुम्हाला हक्क आहे. पण नियमात येणारे दर म्हणजे खोलीभाडं, तपासणी फी, असे सुटे सुटे. "डोळा उघडेपर्यंत एकूण किती" हा आकडा मी स्वतःहून लावला: टाक्याविना छोट्या छेदाची शस्त्रक्रिया, फेको (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू काढणं) भारतीय लेन्ससह, फेको परदेशी लेन्ससह, तीन ओळी. त्यात थेंब, काळा चष्मा आणि तीन फेरतपासण्या धरलेल्या.

मोतीबिंदूत स्पर्धेनं काय होतं हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मी शिकत असताना डोळ्यातली लेन्स परदेशातून यायची आणि सर्वसामान्य माणसाला ती परवडायची नाही. लोक जाड भिंगाचा चष्मा लावून उरलेलं आयुष्य काढत. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू केली आणि लेन्स स्वतः बनवायला घेतली. परदेशी लेन्सच्या तुलनेत किंमत दहाव्या हिश्शाच्या आसपास आली, आणि मग बाकीच्या कंपन्यांनाही उतरावं लागलं. ज्या डॉ. व्यंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांवर अरविंद सुरू केलं, त्यांनी ऑपरेशन थिएटरची पद्धतच बदलली. शेजारी शेजारी दोन टेबलं. एका पेशंटचं चाललेलं असताना दुसऱ्याची तयारी गावातून आलेल्या, तिथेच शिकवलेल्या मुली करतात. सर्जन फक्त सर्जनचं काम करतो. तिथला एक सर्जन वर्षाला दोन हजारांहून जास्त ऑपरेशनं करतो. पैसे देणाऱ्यांच्या फीमधून न देणाऱ्यांची ऑपरेशनं होतात आणि तरीही संस्था स्वतःच्या पायावर उभी आहे. हे अनुदानावर चाललेलं नाही.

आता कट. मी नवीन असताना आजूबाजूच्या गावांतले काही डॉक्टर पेशंट पाठवायचे आणि महिन्याच्या शेवटी त्यांचा माणूस यायचा. दर लावायचे ठरवले तेव्हा कळलं, लावलेल्या दरात कट बसतच नाही. कारण कट द्यायचा तर दर चढा ठेवावा लागतो, आणि चढा दर दारात लावला तर पेशंट शेजारी जातो. मी कट बंद केला. आठ महिने माझं थिएटर अर्धं रिकामं होतं. दोन नर्सेसचे पगार मी बचतीतून दिले. मग बरे झालेले लोक शेजारणीला घेऊन यायला लागले. आज माझा दर तेव्हापेक्षा कमी आहे आणि ऑपरेशनं दुप्पट. एकट्या डॉक्टरला हे जमणं कठीण आहे, हेही सांगते. २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरुद्ध राज्यात विधेयकाचा मसुदा तयार झाला होता, माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीनं केलेला. तो कायदा झाला असता तर माझ्यासारखीला आठ महिने एकटीनं काढावे लागले नसते.

पायवाट (जनआरोग्य कार्यकर्ती, नाशिक)

डॉक्टरताई, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण मोतीबिंदू आणि गुडघा ही बाजाराला सोयीची उदाहरणं आहेत. पेशंट चालत येतो, आज नको वाटलं तर पुढच्या महिन्यात येतो, आधी झालेल्या दहा जणांना विचारतो. माझ्या दिरांना रात्री दोन वाजता छातीत कळ आली. आम्ही जवळचा दवाखाना गाठला. तिथे मी दरपत्रक वाचत उभी राहायला हवं होतं का? आयसीयूमध्ये चौथ्या दिवशी सही मागितली, कशाची ते समजलं नाही, केली. तिथून उठून दुसरीकडे जाण्याचं स्वातंत्र्य कागदावरसुद्धा नव्हतं.

केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञानं १९६३ मध्येच लिहून ठेवलं की वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नाही, कारण आजार कधी येईल ठाऊक नसतं आणि काय विकत घ्यायचं हे विकणाराच सांगतो. हळद तुम्ही हातात घेऊन, मोडून, वास घेऊन बघता. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायचा स्टेंट कोणी मोडून बघितला आहे?

म्हणून मर्यादा लागतातच. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटवर मर्यादा आली: साधा ७,२६० रुपये, औषधवेष्टित २९,६०० रुपये. त्याआधी औषधवेष्टित स्टेंटसाठी लोक लाखाच्या वर मोजत होते, आणि तेव्हा बाजारात कंपन्या कमी नव्हत्या. स्पर्धा होती, पण ती दवाखान्याला जास्त नफा कोण देतो याची होती. पुढच्याच वर्षी प्राधिकरणानं दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तर औषधं आणि सुया-सिरिंजांसारख्या साहित्यावर काही ठिकाणी १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा निघाला. कोविडमध्ये २१ मे २०२० ला राज्यानं खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधले, साध्या विलगीकरणाला दिवसाला ४,००० आणि व्हेंटिलेटरसह अतिदक्षतेला ९,०००. ते बांधले नसते तर काय झालं असतं, त्याची कल्पना करा. मी त्या काळात बिलांच्या तक्रारी लिहून घेत होते. जमीन विकलेली माणसं समोर बसलेली असायची.

कृष्णाकाठ

पायवाटताई, दिरांचं वाचून वाईट वाटलं. रात्री दोन वाजताच्या पेशंटला बाजार लागू नाही, हे मी मान्य करतो. तिथे दर आधीच ठरलेले पाहिजेत, शांत वेळी, कोणीतरी पेशंटच्या वतीनं.

पण एक प्रश्न. गुडघ्याच्या सांध्यावर मर्यादा आहे, तरी मला १ लाख ६५ हजार ते ३ लाख ४० हजार असे आकडे मिळाले. फुगा एका बाजूला दाबला की दुसरीकडे वर येतो. सांधा स्वस्त झाला, ओटी (थिएटर) चार्ज वाढला असेल. एका वस्तूवर मर्यादा घालून एकूण आकडा उघडा होत नाही.

शिरोळचा_केमिस्ट

स्पर्धा दवाखान्याला नफा देण्याची असते, हे पायवाटताईंचं वाक्य औषधाला तंतोतंत लागू आहे. तीस वर्षं दुकानात आहे, आता मुलगा बसतो. मोकळेपणानं लिहितो.

एकच गोळी, एकाच कारखान्यात बनलेली, तीन वेशांत येते. कंपनीचे एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, डॉक्टरांकडे फिरतात तो ब्रँड. त्याच कंपनीचा, एमआर नसलेला, ज्याला आम्ही ट्रेड जेनेरिक म्हणतो, तो. आणि सरकारी जनऔषधी दुकानातला. ट्रेड जेनेरिकच्या पट्टीवर एमआरपी ९० रुपये छापलेली असते आणि मला ती ११-१२ रुपयांना पडते. सरकारी नियंत्रणाबाहेरच्या गोळीवर एमआरपी छापायची मोकळीक कंपनीला, आणि गिऱ्हाइकाला वाटतं छापील म्हणजे खरी किंमत. ज्या कंपनीनं एमआरपी जास्त छापली तिचा माल दुकानदार आधी पुढे करतो, कारण मधली फट त्याची. इथे स्पर्धेनं छापील किंमत वर जाते. हे उलटं आहे, पण रोज बघतो.

मात्र जिथे स्पर्धा खरी आली तिथे काय झालं तेही सांगतो. मी दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाइकाला सूट द्यायची नाही असा केमिस्टांच्या संघटनेचा दंडक होता. स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक विक्रेता नेमायचा तर कंपनीला संघटनेचं ना-हरकत पत्र लागायचं. नफा घाऊक १० टक्के, किरकोळ २० टक्के, ठरलेला. सरकारी नियंत्रणातल्या औषधांवर ८ आणि १६. भारतीय स्पर्धा आयोगानं २०१३ च्या सुमारास या ना-हरकत प्रकाराविरुद्ध एकामागून एक निकाल दिले. त्यानंतर साखळी दुकानं आली, मोबाइलवरून औषधं आली, आणि आज आमच्या गल्लीतसुद्धा "२० टक्के सूट" असा फलक दिसतो. माझ्या धंद्याला त्रास झाला, खोटं कशाला बोलू. पण ज्या बाईला रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची आहे, तिचे महिन्याला दीडशे-दोनशे वाचतात. ते पैसे आधी कोणाकडे जात होते, तर माझ्याकडे.

मला वाटतं सर्वांत सोपा उपाय डॉक्टरच्या पेनात आहे. गोळीचं मूळ नाव लिहिलं की गिऱ्हाईक दहा ठिकाणी विचारू शकतं. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं तसा नियम केला आणि त्याच महिन्यात स्थगित केला.

दृष्टी_तालुका

काका, मूळ नाव लिहायला माझी तयारी आहे. पण मग माझ्या पेशंटला कोणत्या कंपनीची गोळी मिळेल हे तुमच्या हातात जाईल, आणि तुम्हीच सांगितलंत की दुकानदार फट बघून माल पुढे करतो. काचबिंदूच्या थेंबात दर्जा घसरला तर नजर परत येत नाही. दर्जाची तपासणी कडक करा आणि निकाल लोकांसमोर ठेवा, मी उद्यापासून मूळ नाव लिहीन.

शिरोळचा_केमिस्ट

मान्य आहे. दर्जा कळत नसेल तर स्वस्त-महाग याला अर्थ नाही.

ओहायोकर

बारा वर्षं इथे अमेरिकेत आहे. बाजाराचं नाव घेऊन बाजार कसा बंद करता येतो याचं मोठं उदाहरण माझ्यासमोर आहे, म्हणून लिहितोय. अमेरिका देशाच्या उत्पन्नाच्या १७-१८ टक्के आरोग्यावर खर्च करते आणि इथेही दर आधी कळत नाही.

मूळ १९४२ मध्ये आहे. युद्धकाळात पगारवाढीवर बंदी आली, तेव्हा कंपन्यांनी कामगार टिकवायला पगाराऐवजी आरोग्यविमा द्यायला सुरुवात केली. १९५४ च्या करकायद्यानं त्या विम्यावरची करमाफी पक्की केली. तेव्हापासून विमा मालकाचा, बिल विमा कंपनीचं, आणि पेशंट मधल्या मध्ये. स्वतःचे पैसे जात नाहीत असं वाटतं म्हणून कोणी दर विचारत नाही, आणि विचारला तर सांगायला कोणी नसतं. वर १९७४ च्या केंद्रीय कायद्यानं राज्यांना असा नियम करायला लावला की नवं रुग्णालय काढायचं किंवा मोठं यंत्र आणायचं तर "गरज आहे" असा दाखला घ्यायचा. सुनावणीत शेजारचं जुनं रुग्णालय हरकत घ्यायला येतं. केंद्रानं तो कायदा १९८७ मध्ये मागे घेतला, पण अनेक राज्यांत दाखला अजून आहे. हळद बाजारात नवीन व्यापाऱ्याला परवाना देताना जुन्या व्यापाऱ्याची परवानगी घ्यावी, तसं हे आहे.

माझा अनुभव: खांद्याच्या एमआरआयसाठी एका रुग्णालयानं विम्यातून माझ्या वाट्याला १,९०० डॉलर येतील असं सांगितलं. गावाबाहेरच्या एका तपासणी केंद्रात रोख विचारलं, ४५० डॉलर. विमा असून मी विम्याबाहेर गेलो.

आशा वाटावी अशी जागा म्हणजे ओक्लाहोमा सिटीतलं सर्जरी सेंटर ऑफ ओक्लाहोमा. १९९७ मध्ये दोन भूलतज्ज्ञांनी सुरू केलं आणि २००९ च्या सुमारास सगळ्या ऑपरेशनांचे एकूण दर संकेतस्थळावर टाकले. सर्जन, भूल, जागा, सगळं धरून एक आकडा. लोक दुसऱ्या राज्यांतून विमानानं जायला लागले, आणि काही जण तो आकडा छापून आपल्या गावच्या रुग्णालयाला दाखवायला लागले. आता १ जानेवारी २०२१ पासून केंद्राचा नियम आहे की प्रत्येक रुग्णालयानं विमा कंपनीगणिक ठरलेले दर प्रसिद्ध करावेत. पण त्या फायली इतक्या अवाढव्य असतात की साध्या माणसाला उघडता येत नाहीत. उघडा दर म्हणजे वाचता येईल असा दर, हे कृष्णाकाठ, तुमच्या मागणीत आवर्जून घाला.

एक धोका मात्र प्रामाणिकपणे सांगतो. इथल्या रँड या संशोधन संस्थेनं १९७४ ते १९८२ या काळात हजारो लोकांवर प्रयोग केला: काहींना उपचार फुकट, काहींना बिलाचा वाटा भरायला लावला. भरणाऱ्यांनी दवाखान्यात जाणं कमी केलं, पण त्यांनी अनावश्यक उपचार जितके टाळले तितकेच गरजेचेही टाळले. आणि गरीब असून रक्तदाब असलेल्यांना फुकट उपचारांचा फायदा झाला होता. खिशातून पैसे गेले की माणूस शहाणा होतो, हे अर्धंच खरं आहे.

पायवाट

ओहायोकर, हे शेवटचं लिहिल्याबद्दल आभार. आपल्या देशात आरोग्यावरच्या एकूण खर्चातला खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ झाला. म्हणजे आपल्याकडे "खिशातून भरा, मग शहाणे व्हाल" हा प्रयोग पिढ्यान् पिढ्या चालला. त्यातून बिलं उतरली नाहीत, कर्ज झालं.

बेडोकची माधवी (सिंगापूर)

इथलं थोडं. १९८४ पासून प्रत्येकाच्या पगारातून मेडिसेव्ह खात्यात सक्तीनं पैसे जातात, बिल आलं की त्यातून भरायचं. मोठ्या आजाराला विमा, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला १९९३ चा मेडिफंड. बाहेरून बघणारे याला बाजाराचा विजय म्हणतात. पण इथली बहुतेक रुग्णालयं सरकारी मालकीची आहेत आणि कोणत्या ऑपरेशनला कुठे किती बिल येतं ते आरोग्य मंत्रालय स्वतः प्रसिद्ध करतं. डॉक्टरांच्या संघटनेची दरसूची होती, ती स्पर्धा कायद्याच्या अडचणीमुळे २००७ मध्ये मागे घेतली. मग काही खासगी फी भरमसाट वाढल्या, आणि २०१८ मध्ये मंत्रालयानंच शस्त्रक्रियांच्या फीच्या वाजवी मर्यादा जाहीर केल्या. सक्ती नाही, पण पेशंटच्या हातात तुलनेला एक आकडा असतो. माझ्या सासऱ्यांच्या पित्ताशयाच्या वेळी आम्ही तो आकडा डॉक्टरांसमोर ठेवला आणि फी कमी झाली.

काउंटर_नं_३ (नऊ वर्षं रुग्णालयाच्या टीपीए, म्हणजे विम्याच्या दाव्यांच्या डेस्कवर, आता सोडलं)

"मेडिक्लेम आहे का" हे आधी का विचारतात, ते मी सांगते, कारण मीच विचारायचे.

एका ऑपरेशनला आमच्याकडे चार दर असायचे. सरकारी योजनेचा. सरकारी विमा कंपन्यांनी नेटवर्कमध्ये ठरवून घेतलेल्या पॅकेजचा. खासगी विमा कंपन्यांशी केलेल्या कराराचा. आणि रोखीचा, ज्याला लिहिलेला कागदच नसायचा. रोखीच्या पेशंटचा दर समोरचा माणूस बघून ठरायचा. गाडी कोणती, कोण सोबत आलंय, कोणी आमदाराचा फोन आणलाय का. हे करताना मला लाज वाटायची आणि त्यामुळेच मी सोडलं.

पण बाहेरच्यांना न कळणारी गोष्ट म्हणजे खोली. लोकांना वाटतं खोलीचं भाडं फक्त झोपण्याचं आहे. तसं नाही. जनरल, शेअरिंग, सेमी, डिलक्स, जशी खोली तशी बाकीची प्रत्येक ओळ बदलते. तोच सर्जन, तेच थिएटर, तीच भूल, पण पेशंट डिलक्समध्ये झोपला म्हणून सर्जनची फी दीडपट-दुप्पट. आता पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० असेल आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर विमा कंपनी फक्त तीन हजारांचा फरक कापत नाही, सर्जनच्या फीपासून सगळीकडे त्याच प्रमाणात कात्री लावते. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. माणसं डिस्चार्जच्या दिवशी माझ्यासमोर रडली आहेत. विमा नियामकानं २०२० मध्ये सांगितलं की ही कात्री औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना लावायची नाही, आणि जे रुग्णालय खोलीप्रमाणे दर बदलत नाही तिथे लावायचीच नाही. हे फार थोड्यांना माहीत आहे. तुमच्या कापलेल्या बिलात औषधांवर कात्री असेल तर भांडा, तुम्ही बरोबर आहात.

कृष्णाकाठ, तुमच्या मागणीत एक ओळ वाढवा: खोलीचं भाडं बदला हवं तर, पण सर्जनची फी खोली बघून बदलायची नाही.

कृष्णाकाठ

ही ओळ मला माहीतच नव्हती, आणि माझा पावणेदोन लाखांचा फरक बराचसा इथेच निघाला. पुण्याच्या आकड्यात डिलक्स खोली धरलेली होती, मी विचारलीही नव्हती.

पायवाटताई, तुमच्याशी आणखी एका बाबतीत सहमत होतो आहे. मिरजेला १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीला वसंतदादांच्या नावाचं सिव्हिल आहे. चौकशीत एका सर्जननी सांगितलं की सिव्हिलमध्ये सांध्याची ऑपरेशनं नियमित व्हायला लागली त्या काळात खासगीतले दर वर्षभर वाढले नाहीत. बाजारात एक मोठा, प्रामाणिक दुकानदार असला की बाकीच्यांना लगाम बसतो. तो दुकानदार सरकार असेल तरी मला चालेल. मी स्पर्धा म्हणतो तेव्हा तीही स्पर्धाच.

पायवाट

मग आपण फारसे लांब नाही, दादा. फक्त तो दुकानदार आधी नीट चालू द्या, डॉक्टर आणि औषधं देऊन. दर उघडे करणं त्याच्यासोबत येऊ दे, त्याच्याऐवजी नको.

भोगावती (नवीन सदस्य)

धागा आजच वाचला. बाबांना उद्या हर्नियासाठी दाखल करायचंय, विमा नाही. तोंडी "चाळीस-पन्नास" सांगितलंय. आज संध्याकाळी काय विचारू? कृपया कोणीतरी लवकर सांगा.

काउंटर_नं_३

बिलिंगला जा, रिसेप्शनला नको. म्हणा, लेखी एस्टिमेट द्या, शिक्का मारून. त्यात खोलीचा प्रकार आणि दिवस लिहून घ्या. जाळी कोणत्या कंपनीची आणि किती रुपयांची, हे लिहून घ्या, हर्नियात पैसे तिथे वाढतात. दुर्बिणीतून की उघडं, तेही लिहा. औषधं आत धरली आहेत का, आणि बाहेरून आणली तर चालतील का, हे विचारा. दर वाढणार असेल तर आधी फोन करू असं एक वाक्य लिहून घ्या. आवाज चढवू नका, फक्त उठू नका. आणि रेशनकार्ड घेऊन जा. महात्मा फुले योजनेत ते रुग्णालय आहे का आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का, ते आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला आधी विचारा.

भोगावती

योजनेत ते रुग्णालय नाही. एस्टिमेट दिलं. आधी "असं देत नाही" म्हणाले, मग मॅडमनी स्वतः लिहून दिलं. ४६ हजार. जाळीचं नाव लिहिलंय. धन्यवाद ताई.

कृष्णाकाठ (सात आठवड्यांनी)

आईचं ऑपरेशन मिरजेत झालं, काल ती काठीशिवाय अंगणात गेली. लेखी अंदाज घेतला होता १ लाख ६८ हजारांचा. झालेलं बिल ओळीनं टाकतोय: सांधा जीएसटीसह ५६,९००. सर्जन व सहायक ४०,०००. भूल ९,०००. थिएटर २२,०००. शेअरिंग खोली चार दिवस १०,०००. औषधं व साहित्य २१,६००. तपासण्या ७,४००. फिजिओ ३,२००. एकूण १,७०,१००. औषधं अंदाजापेक्षा २,१०० नं वाढली, आधी फोन करून सांगितलं.

दवाखान्याचं नाव टाकत नाही, कारण एका बिलावरून कोणाला चांगलं-वाईट ठरवणं बरोबर नाही. पण शंभर बिलं जमली तर आपल्या जिल्ह्यात कशाला किती लागतं हे सगळ्यांना दिसेल. आपापली बिलं खाली टाका. गाव, ऑपरेशन, खोली, दिवस, सांगितलेला आकडा आणि झालेला आकडा.

भोगावती

कोल्हापूर. हर्निया, उजवी बाजू, उघडं ऑपरेशन, जाळी बसवून. जनरल वॉर्ड, दोन दिवस. सांगितले ४६,०००. झाले ४६,७५०.

माणदेशी पाखरू

आटपाडी. अपेंडिक्स, दुर्बिणीतून. सेमी, तीन दिवस. सांगितले १८,०००, तोंडी. झाले ४१,२००.